अकरा सेकंदांची जागा

गयामावशी, काल दुपारपासून मला इतकं हलकं वाटतंय की माझी मलाच लाज वाटते. परवा तुमचं तेरावं झालं. माणूस जाऊन पंधरवडा होत नाही तोवर हलकं वाटलं असं कुणी चारचौघांत बोलत नाही, मीही बोलले नाही. शाळेतून घरी गेले, हातपाय धुतले, चहा टाकला आणि तो सगळा प्यायले. तुम्ही अंथरूण धरल्यापासून माझा चहा अर्धा कपातच गार व्हायचा. हे ज्यांना सांगायला हवं त्या तुम्हीच, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या जाण्यातही सुटका होती, ते मी लपवत नाही. दिवाळीपासून एकेका श्वासासाठी तुमची जी ओढाताण चालली होती ती बघवत नव्हती. बीडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तुम्ही खाटेवर बसूनच डोळा लावायचात, आडवं पडलं की छाती भरून यायची. त्या सकाळी अनिताचा, तुमच्या सुनेचा, फोन आला. ती एवढंच म्हणाली, "आत्या सुटल्या, मॅडम." मी "बरं गं" म्हणाले. असल्या वेळी "बरं" म्हणतात का कुणी? पण तोंडातून तेच आलं.

माझा काटा मात्र वेगळा होता. तुम्ही होतात तोवर तो सहन व्हायचा, कारण कधीतरी काढू असं स्वतःला सांगता यायचं. तुम्ही गेलात आणि माफी मागायला माणूसच उरलं नाही. मावशी, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. एका वाक्यापायी. त्याला दोन वर्षं झाली.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी सांगते, कारण माझ्या बाजूनं ते तुम्ही कधी ऐकलेलं नाही.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. तलवाड्याहून आत येणाऱ्या रस्त्यावरच्या आपल्या दोनशिक्षकी शाळेत मी बदलून आले आणि पहिल्याच दिवशी खिचडी चाखून म्हणाले, मीठ कमी आहे. तुम्ही पातेल्यावरून मान वर न करता पळी माझ्यापुढं धरलीत. "घ्या. उद्यापासून तुमी टाका." मी बीड शहरात वाढलेली, नाकाच्या शेंड्यावर राग असलेली मास्तरीण. तुम्ही गुडघ्यानं दगा देईपर्यंत अर्धं आयुष्य मेंढरांमागं चाललेल्या, आणि मग शाळेत खिचडी शिजवायला लागलेल्या. तुम्ही चार शब्दांत काम भागवायचात, मला चाळीस लागायचे. पहिलं वर्षभर मला तुम्ही उर्मट वाटायचात. तुम्हाला मी काय वाटायचे ते तुम्ही अनिताला सांगितलंय, आणि अनितानं मला सांगितलंय, त्यामुळे ते इथं लिहीत नाही.

आपल्या शाळेतली निम्मी पोरं वर्षातले चार-पाच महिने गावातच नसतात. कुणाचे आईबाप ऊसतोडीला जातात, कुणाचे मेंढरं घेऊन. परत आलेली पोरं मागच्या भिंतीला टेकून बसतात. "येत न्हाई, मॅडम," हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि ते प्रश्न विचारायच्या आधीच बाहेर पडतं. त्यांना धीर यावा म्हणून मी टीव्हीवर आत्मविश्वास शिकवणाऱ्या कार्टून फिल्म लावायची. त्यांतल्या एका फिल्ममधला मुलगा टाय लावून पिवळ्या बसमधून शाळेत जायचा, सायकलवरून पडायचा आणि लगेच उठून पुस्तकी मराठीत म्हणायचा, "मी कधीही हार मानणार नाही!" आपली पोरं त्याचे पांढरेशुभ्र मोजे बघत राहायची.

तुम्ही दारात तांदूळ निवडत बसला होतात. तिथूनच म्हणालात, "ह्ये पोरगं रडलं कावून न्हाई? पडल्यावर आदी इकडंतिकडं बघतंय पोरगं, कुनी बघितलं का म्हनून. मग रडतंय. मग उठतंय." वर्ग असा खदखदून हसला की मला कळलं, या बाईला माझ्यापेक्षा पोरं जास्त कळतात. राग आला. पण त्याच दिवशी मी ठरवलं की आपण आपल्याच फिल्म करायच्या, आणि त्यांत तुम्ही हव्यात.

कागदी चित्रं हलवून फिल्म करायला मी एका प्रशिक्षणात शिकले होते. पुठ्ठ्याची चित्रं कापायची, जमिनीवर मांडायची, केसभर सरकवायची, वरून मोबाइलनं फोटो काढायचा, परत केसभर सरकवायची. असे बारा फोटो काढले की पडद्यावर एक सेकंद होतो. हे ऐकून तुम्ही म्हणालात, "येवढ्यात माजी दोन पातेली घासून व्हत्याल." पण पदर खोचून बसलात. पोरं जेवून उठली, भांडी झाली की स्वयंपाकखोलीच्या फरशीवर आपला कारखाना सुरू. उलट्या स्टुलाच्या पायांना मोबाइल बांधलेला, खिडकीतून ऊन आलेलं. सरकवायचं काम तुमचं, बटण दाबायचं माझं. वाऱ्यानं चित्र उडालं की मी कात्री आपटायची. तुम्ही काही न बोलता कनवटीचे चिंचोके काढून चित्रांच्या कडेला ठेवायचात.

पहिली फिल्म आपण भोपळ्याच्या वेलाची केली, पत्र्यावरून घसरून पुन्हा चढणाऱ्या. दुसरी वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलीची. शेवटी ती मुलगी पहिला नंबर काढते असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "पैला नंबर कशाला? तिला येवढंच म्हनू द्या, मॅडम परत सांगा. तेच लई झालं." मी कुरकुरत ऐकलं. त्या फिल्मनंतर आठवडाभर वर्गात "मॅडम, परत सांगा" याचा इतका सुकाळ झाला की माझा धडा पुढं सरकेना. मनातून मी खूश होते, तुम्हाला बोलले नाही. तसलं बोलणं माझ्या जिवावर येतं, तुम्हाला ठाऊक आहे.

तिसरी फिल्म कोकराची. मागचा एक पाय अधू असलेलं कोकरू कळपाच्या मागं पडतं, ओढ्याकाठी बसून राहतं, आणि मग उठतं. तुम्ही घरून खरी लोकर आणलीत आणि पुठ्ठ्याच्या मेंढरांना डिंकानं चिकटवली. दिसायला इतकी गोड झाली, पण लोकर श्वासानंसुद्धा हलायची. फोटोत मेंढरं अंगात आल्यासारखी थरथरायची. मग आपण युक्ती काढली. फोटो काढताना दोघींनी श्वास रोखून धरायचा. दहा-बारा फोटो झाले की तुम्ही मागं सरकून म्हणायचात, "दम घ्या." मग दोघी भिंतीला टेकून धापा टाकायचो आणि एकमेकींकडं बघून हसायचो. तुमचा दम माझ्यापेक्षा आधी संपायचा. तेव्हा ते मी वयावर घातलं.

आणि मग ती फिल्म मी पोरांना दाखवली. आठवतंय ना? आठवणारच, तुम्ही ती गोष्ट पुढं गावभर सांगितलीत. पडद्यावर कोकरू उठलं, माझ्याच आवाजात "मी करू शकते!" म्हणालं, आणि जे सुसाट सुटलं ते अख्ख्या कळपाला मागं टाकून एकटंच माळाच्या पार निघून गेलं. समाप्त. मी टाळ्यांसाठी मागं वळले. मागच्या भिंतीकडून एकानं आरोळी ठोकली, "आगं माघारी फिर!" दुसरा ओरडला, "पुढं लांडगा आसंल की!" पहिलीतल्या सोनालीनं तर भोकाडच पसरलं. मेंढपाळांची सगळी पोरं उभी राहून टीव्हीतल्या कोकराला हाका मारायला लागली, आणि मी धीराची फिल्म करणारी बाई खडू हातात घेऊन तशीच उभी.

तुम्ही पदर तोंडाला लावून हसत होतात. माझा तिळपापड झाला. "मावशी, हसताय काय?"

"मॅडम, कळपाच्या म्होरं येकटं गेल्यालं कोकरू म्हंजी गेलंच की. त्येला कळपात आना आदी."

"मग हे आधी का नाही सांगितलं? तुम्हीच तर सरकवत होतात त्याला!"

"मला वाटलं त्ये अजून माघारी यायचं हाय. तुमीच मोबाइल सोडून उठलात."

केसभर केसभर सरकवताना तुम्हाला गोष्ट कुठं संपते ते दिसलंच नव्हतं, आणि मला कळप कसा चालतो ते. आठ दुपारी खपून आपण शेवट पुन्हा केला. कोकरू पळत येतं, कळपाच्या मधोमध शिरतं आणि एका मेंढीच्या पाठीवर मान टाकतं. सोनालीनं तो शेवट बघितला आणि डोळे पुसले. माझा जीव भांड्यात पडला.

पण खरं भांडण तिथून पुढं आहे.

ओढ्याकाठी कोकरू बसलेलं असतं, त्या जागी तुम्हाला एक वाक्य हवं होतं. पुढून म्हातारी मेंढी हाक मारते: "दम घे. आमी थांबलोय." मला ते नको होतं. मी म्हणाले, मावशी, कळप थांबला तर कोकरानं स्वतः काय केलं? आत्मविश्वास आतून यावा लागतो. आपल्या पोरांसाठी आयुष्यात कुणी थांबणार आहे का? त्यांना एकट्यानंच उठायला शिकवलं पाहिजे. तुम्ही तांदळाच्या पोत्याचं तोंड बांधत होतात. म्हणालात, "येकट्यानंच उठतंय कोकरू. उचलून कुठं घ्या म्हनती मी? पर आपल्यासाटी थांबल्यालं कुनी दिसलं, तरच उठाय जीव येतो. न्हाईतर बसून ऱ्हातंय. मी बघितल्यात बसून ऱ्हायल्याली." शेवटचं वाक्य तुम्ही कुणाविषयी बोललात ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तरी तुमच्या समाधानासाठी वाक्य रेकॉर्ड केलं. आवाज घुमू नये म्हणून आपण कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांमध्ये बसून रेकॉर्डिंग करायचो. तुम्ही ते वाक्य म्हटलंत, ते माळावर लांब उभ्या असलेल्या कुणाला ऐकू जावं तसं, सावकाश, मध्ये भरपूर जागा सोडून. "दम घे…" आणि मग कितीतरी वेळानं "आमी थांबलोय." मोजलं तर अकरा सेकंद भरले. त्या हिशोबानं आपण कोकराचे तेवढे फोटोही काढले.

आणि घरी बसून फिल्म जोडताना मी ते वाक्य काढून टाकलं. मला पटत नव्हतं, हे एक. दुसरं कारण अजून वाईट आहे. ती फिल्म मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात दाखवणार होते, आणि मला वाटलं, तिथली माणसं म्हणतील, ही बाई पोरांना दुसऱ्यावर अवलंबून राहायला शिकवते. फोटो कापले तर कोकरू झटका बसल्यासारखं उठत होतं, म्हणून फोटो तसेच ठेवले आणि त्या अकरा सेकंदांत नुसता वाऱ्याचा आवाज भरला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "माजं वाक्य बसलं का?"

मी म्हणाले, "रेकॉर्डिंगमध्ये खरखर आली, मावशी. घेता आलं नाही."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. जरा जास्तच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "बरं. असू द्या." आणि डाळ धुवायला घेतलीत. पुन्हा रेकॉर्ड करू का, असं तुम्ही विचारलं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. तुम्ही विचारलंच नाहीत.

प्रशिक्षणात फिल्म आवडली. एक मोठे साहेब म्हणाले, त्या कोकराच्या प्रसंगातली शांतता फार बोलते, बाई. मी मान डोलावली, जणू काही ती शांतता मी पदर खोचून विणली होती. परत येऊन तुम्हाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तुम्ही म्हणालात, "व्हय? मंग बरंच झालं, खरखर आली."

मावशी, ते वाक्य दोन वर्षं माझ्या डोक्यात घोळतंय. तुम्ही सरळ मनानं म्हणालात, की मला ओळखून टोला हाणलात? तुमच्या चेहऱ्यावरून कधी काही कळलंय का कुणाला? मी रोज ठरवायची, आज सांगून टाकू. मग पोषण आहाराची नोंद, पोरांची हजेरी, कुणाचं नाक फुटलेलं, आणि दिवस जायचा. शनिवारी मी तुमच्या हवाली पोरं करून त्यांना फिल्म लावून द्यायची आणि पलीकडच्या खोलीत दार लावून ऑनलाइन माहिती भरत बसायची. खरं तर ती माहिती नंतरही भरता आली असती. त्या अकरा सेकंदांना तुमच्या शेजारी बसायचं मला धाडस होत नव्हतं. पोरांना धीट करायला निघालेल्या बाईची ही तऱ्हा.

मग दिवाळीनंतर तुम्ही आजारी पडलात आणि अनिता तुमच्या जागी खिचडी शिजवायला यायला लागली. शेवटचं भेटायला आले तेव्हा मी पक्कं ठरवून आले होते. तुम्ही लिंबाखाली खाटेवर उशा रचून बसला होतात. पोरं नीट जेवतात का विचारलंत. अनिता मीठ नीट टाकते का विचारलंत, आणि माझ्याकडं बघून हसलात. मग म्हणालात, "त्ये कोकरू अजून दावता का?"

"दर शनिवारी लावते की."

"लावत जावा. बंद नका करू त्ये."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तुम्हाला ढास लागली, अनिता पाणी घेऊन धावली, पाठ चोळायला लागली. मी तुमच्या पायाला हात लावला आणि उठले. गाडी सुरू करताना मला वाटलं, यांनी मला आठवण करून दिली. माझ्या खोटेपणाची. तुम्ही गेल्यावर तर त्याबद्दल माझ्या मनात शंकाच उरली नाही.

दहाव्याच्या दिवशी मी कपाटातून जुना मोबाइल शोधून काढला. दोन वर्षं बंद, काच फुटलेली. गेवराईच्या दुकानदारानं तो उघडला, काहीतरी खटपट केली आणि त्यातलं सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवून दिलं. तिथंच, त्याच्या बाकड्यावर बसून मी तुमचा आवाज ऐकला. आधी तुम्ही विचारताय, "झालं का चालू?" मग बाहेर एक शेळी ओरडते आणि तुम्ही हळूच "गप गं" म्हणता. आणि मग ते वाक्य. पोत्यांमुळं इतकं जवळ, कानाशी बसून बोलल्यासारखं. मावशी, त्यात खरखर कुठंच नव्हती. मला ठाऊकच होतं म्हणा. तरी ऐकल्यावर तोंडात मारल्यासारखं झालं.

मी ते वाक्य फिल्ममध्ये जिथल्या तिथं बसवलं. अगदी चपखल बसलं. म्हटलं, तेराव्यानंतरच्या शनिवारी पोरांपुढं ही फिल्म लावायची आणि त्यांना सांगायचं की हे वाक्य मावशींचं, आणि ते मी कापलं होतं. तुमच्याकडं नाही तर निदान पोरांकडं तरी कबुली द्यायची.

काल तो शनिवार होता. लॅपटॉप टीव्हीला जोडायला गेले तर वायर लागेना. पोरं चुळबुळ करायला लागली. म्हणून मी टीव्हीला लावलेल्या पेनड्राइव्हवरची जुनीच फिल्म सुरू करून दिली, तेवढी गप बसतील म्हणून, आणि पाठीमागं बसून वायरीशी झटत राहिले. पडद्याकडं माझं लक्षही नव्हतं. कोकरू मागं पडलं, ओढ्याकाठी बसलं. वाऱ्याचा आवाज सुरू झाला.

आणि पोरं म्हणाली, "दम घे…"

सगळी. एका सुरात, पण ओरडून नव्हे. माळावर लांब हाक मारावी तशी, सावकाश. मग थांबली. मोजून मापून थांबली, तुम्ही थांबायचात तेवढीच. आणि मग, "आमी थांबलोय."

पडद्यावर कोकरू उठलं.

मी टीव्ही बंद केला. पोरांना वाटलं काहीतरी चुकलं, सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी भोकाड पसरणारी सोनाली आता तिसरीत आहे, वर्गाची पुढारी. मी तिला विचारलं, हे काय म्हणालात तुम्ही?

"तितं आमचं वाक्य हाय, मॅडम."

"कुणी शिकवलं?"

"गयामावशीनं. त्या म्हनल्या, ही जागा मॅडमनं मुद्दाम मोकळी सोडलीय, आपल्यासाटी. टीव्हीतल्या कुनी हाक मारून कोकरू उठत न्हाई, आपनच मारायची."

दारात अनिता उभी होती. ती म्हणाली, "व्हय वो मॅडम, आत्यांनी मलाबी सांगितलंय. आजारात बी इचारायच्या, पोरं म्हनत्यात का नीट."

"मग माझ्यासमोर कधीच कसं म्हटलं नाही?"

सोनालीला हा प्रश्न फारच अडाणी वाटला. "तुमी नसताच की शनवारी."

मावशी, दोन वर्षं. दोन वर्षं मी पलीकडच्या खोलीत माझ्या अपराधाला घाबरून बसले होते, आणि भिंतीच्या अलीकडं तुम्ही त्याची पोरांसाठी जागा करून टाकली होती. तुम्हाला माझी खरखर खरी वाटली होती, की खोटी आहे हे पहिल्याच नजरेत कळलं होतं, ते मला आता कधीच समजणार नाही. काल दुपारपर्यंत तेवढंच एक समजावं म्हणून मी तळमळत होते. आता त्याचं काही वाटत नाही. "बंद नका करू त्ये," असं तुम्ही म्हणालात त्यात टोमणा नव्हता. तुम्हाला पोरांच्या हाकेची काळजी होती, माझ्या खोट्याची नाही. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी खाली फरशीवर बसलेच.

तरी म्हटलं, पोरांना खरं सांगायचंच. ठरवलं होतं ते करायचं. मी सुरुवात केली, "पोरांनो, ती जागा मी मुद्दाम नव्हती सोडली. मावशींचं वाक्य होतं तिथं. मी ते…" आणि पुढचा शब्द फुटेना. चाळीस पोरांपुढं, पाय पसरून फरशीवर बसलेली मी, आणि डोळ्यांतून धारा. दारातली अनिता आत यायला लागली.

सोनालीनं तिला हातानं थांबवलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "दम घ्या, मॅडम. आमी थांबलोय."

आणि खरंच थांबली हो. कुणी हसलं नाही, कुणी शेजारच्याला कोपर मारलं नाही. बाहेर तुमच्या त्या जुन्या पातेल्याच्या झाकणाची खडखड चालू होती, तेवढाच आवाज. मी एक श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि उठले. कुणी उचललं नाही मला. माझी मीच उठले. पण ती चाळीस पोरं थांबली नसती तर काल मी त्या फरशीवरून उठले नसते, हे मला नीट कळलंय. आपलं भांडण मिटलं, मावशी. तुमचंच बरोबर होतं. एवढं वाक्य तुमच्यासमोर माझ्या तोंडून निघालं असतं तर तुम्ही पळी खाली ठेवून बघत राहिला असतात.

मग मी पोरांना सगळं सांगितलं. वाक्य कापलं ते, खरखर आली असं खोटं बोलले ते, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मी म्हणाले, आता मावशींचा आवाज सापडलाय, मी तो परत त्या जागी घातलाय, पुढच्या वेळेपासून तोच लागेल. मला वाटलं, पोरं खूश होतील.

सोनाली विचारात पडली. तिनं मागच्या भिंतीला टेकलेल्या पोरांकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं.

"मग आमी काय म्हनायचं?"

जागा मोकळीच ठेवलीय, मावशी. तुमचा आवाज माझ्या लॅपटॉपवर आहे, "गप गं" सकट, तो माझा मला. आणि शनिवारी मी आता पलीकडच्या खोलीत जाणार नाही. मागच्या भिंतीला टेकून बसेन, आणि वाऱ्याचा आवाज सुरू झाला की पोरांबरोबर मीही म्हणेन.